घानाला परतणारे कृष्णवर्णीय : आमंत्रणामागचा इतिहास

नोव्हेंबर २०२४ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे झालेल्या समारंभात ५२४ जणांनी घानाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. हे सगळे आफ्रिकी वंशाचे परदेशस्थ होते आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय होते. अशा बातम्यांत पूर्वजांच्या भूमीची ओढ ठळकपणे सांगितली जाते, आणि ती ओढ खरीच आहे. मात्र या प्रवासाचा इतिहास पाहिला, तर ओढीने माणसे आली असली तरी ती टिकली की नाही, हे बहुतेक वेळा जमीन, परवाना आणि नागरिकत्व यांवरच ठरले, असे दिसते.

अक्रामध्ये परतून आलेल्यांची सर्वांत जुनी वस्ती ताबोम लोकांची. १८३० च्या दशकात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून, गुलामगिरीतून मुक्त झालेली काही कुटुंबे जहाजाने येथे उतरली. बाहियात १८३५ मध्ये गुलामांचे मोठे बंड झाले होते आणि त्यानंतर मुक्त आफ्रिकी लोकांना तेथे राहणे अवघड झाले होते. अक्राच्या गा समाजाच्या प्रमुखांनी त्यांना जमीन दिली. या लोकांना शिवणकाम येत होते, विहिरी खोदता येत होत्या आणि पाण्याच्या सोयीने शेती करता येत होती. पाण्याची टंचाई असलेल्या अक्रात विहीर खोदणाऱ्याला मान मिळणे स्वाभाविक होते. पुढे ते गा समाजात मिसळून गेले. जेम्सटाउन भागातील ‘ब्राझील हाउस’ ही वास्तू आजही त्यांची आठवण सांगते. त्या काळी पारपत्राचा प्रश्न नव्हता. प्रमुखाचा शब्द पुरेसा होता.

हा शब्द पुरेनासा झाला तो ब्रिटिश वसाहतीच्या काळात. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात कृष्णवर्णीयांनी स्वतःची गावे वसवली होती, पण १९०७ मध्ये राज्याचा दर्जा मिळताच तेथे वंशभेदाचे कायदे आले आणि १९१० मध्ये मतदानाचा हक्कही व्यवहारात हिरावला गेला. अशा वेळी गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, आलेले व्यापारी आल्फ्रेड सॅम यांनी आफ्रिकेत जमीन देण्याचे आश्वासन दिले. शेकडो कुटुंबांनी शेते आणि घरे विकून त्यांच्या कंपनीचे भाग घेतले. ऑगस्ट १९१४ मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून ‘लायबेरिया’ नावाचे जहाज सुमारे ६० जणांना घेऊन निघाले. बाकीचे किनाऱ्यावरच्या तळात वाट पाहत राहिले. महायुद्ध सुरू झालेले असल्याने ब्रिटिशांनी जहाज वाटेत अडवले आणि सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला नेले. जानेवारी १९१५ मध्ये ते गोल्ड कोस्टवरील सॉल्टपाँडला पोहोचले तेव्हा स्थानिक लोकांनी त्यांचे स्वागत केले, पण वसाहतीच्या सरकारला हे लोक नको होते. पैसा संपला, तापाने माणसे आजारी पडली. काही जण परतले, तर काही तेथेच राहिले. सॅम यांना निव्वळ ठग म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यामागे गेलेल्या शेतकऱ्यांना मायदेशी कोणता पर्याय उरला होता, हेही पाहिले पाहिजे.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि चित्र पालटले. पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांनी १९३५ ते १९४५ ही दहा वर्षे अमेरिकेत काढली होती. कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठात ते शिकले होते आणि पोटासाठी त्यांनी हार्लेममध्ये मासेही विकले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जगणे त्यांना आतून माहीत होते. नव्या देशाला डॉक्टर, शिक्षक, अभियंते हवे होते, म्हणून त्यांनी थेट आमंत्रण दिले. लिंकनमधील त्यांचे जुने सहाध्यायी रॉबर्ट ली आणि त्यांच्या पत्नी सारा, दोघेही दंतवैद्य, स्वातंत्र्याच्या आदल्याच वर्षी अक्रात येऊन राहिले होते. वकील पॉली मरे यांनी घानाच्या विधी विद्यालयात शिकवले. लेखक ज्युलियन मेफिल्ड नॉर्थ कॅरोलिनातील वंशभेदाविरुद्धच्या संघर्षातून निसटून आले. लेखिका माया अँजेलू १९६२ मध्ये आल्या; मुलाला अपघात झाल्यामुळे त्या तेथेच थांबल्या आणि लेगॉन येथील विद्यापीठात काम करू लागल्या.

या मंडळींत सर्वांत ज्येष्ठ होते अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत आणि समाजशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. मराठी वाचकाला त्यांची एक वेगळी ओळख आहे : १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले होते. १९५७ च्या स्वातंत्र्य सोहळ्याला मात्र त्यांना जाता आले नाही, कारण अमेरिकी सरकारने त्यांना पारपत्रच दिले नाही. १९६१ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, आफ्रिकेचा विश्वकोश सिद्ध करण्यासाठी ते अक्राला गेले. पुढे पारपत्राचे नूतनीकरण नाकारले गेले आणि १९६३ मध्ये ते घानाचे नागरिक झाले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघणाऱ्या विराट मोर्चाला पाठिंबा म्हणून अक्रातील अमेरिकी मंडळी त्या रात्री मशाली घेऊन आपल्याच देशाच्या दूतावासासमोर निदर्शने करत असताना ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. ज्या देशाकडे पाठ फिरवली त्याच्याकडेच न्याय मागत ते उभे होते. स्थलांतर म्हणजे मागचे सारे तोडणे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली. आमंत्रण एका नेत्याचे होते, कायद्याचे नव्हते. त्यामुळे तो नेता जाताच पाहुण्यांचा आधार गेला. ड्यू बॉइस यांच्या पत्नी आणि सरकारी दूरचित्रवाणीची जबाबदारी सांभाळणाऱ्या शर्ली ग्रॅहॅम ड्यू बॉइस यांना देश सोडावा लागला आणि इतरही बरेच जण पांगले. ली दांपत्यासारखे, स्वतःच्या व्यवसायावर उभे असलेले थोडेच राहिले. १९६९ मध्ये तर परवाना नसलेल्या सर्व परक्यांना दोन आठवड्यांत निघून जाण्याचा हुकूम निघाला. त्याचा घाव मुख्यतः नायजेरिया आणि इतर शेजारी देशांतील आफ्रिकी लोकांवर पडला. समान वंश हे संरक्षण नव्हे, हे तेव्हा सर्वांनाच कळले.

दुसरी लाट १९९० च्या दशकात आली, आणि या वेळी सरकारचा हेतू संमिश्र होता : आस्था होती, तसे पर्यटनाचे उत्पन्न आणि गुंतवणूकही हवी होती. केप कोस्ट आणि एलमिना येथील गुलामांचे किल्ले यात्रास्थळे झाले. १९९२ मध्ये पानाफेस्ट हा आफ्रिकी वंशीयांचा कला-संस्कृती महोत्सव सुरू झाला. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून गुलामगिरीत मेलेल्या दोघांचे अवशेष आणून, बंदिवानांना किनाऱ्याकडे नेताना जेथे नदीत अखेरची आंघोळ घातली जाई, त्या असिन मान्सो गावी पुरण्यात आले. केप कोस्टच्या ज्या दारातून बंदिवान जहाजावर चढवले जात, त्या दाराच्या समुद्राकडील बाजूला आता ‘परतीचे दार’ अशी पाटी आहे.

माझ्या मते खरा टप्पा मात्र २००० सालच्या स्थलांतर कायद्याचा. आफ्रिकी वंशाच्या परदेशस्थाला ‘राइट ऑफ अबोड’, म्हणजे घानात कायम राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क, मागता येईल अशी तरतूद त्यात झाली. अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली आणि हा हक्क फार थोड्यांना मिळाला. तरीही मागणी करायला कायद्यात जागा निर्माण झाली होती. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ मध्ये पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले, त्याला ४०० वर्षे झाल्याचे निमित्त साधून राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अड्डो यांनी २०१९ हे ‘परतीचे वर्ष’ म्हणून जाहीर केले, आणि त्या नोव्हेंबरात १२६ जणांना एकाच वेळी नागरिकत्व दिले गेले.

नागरिकत्वाला एवढे महत्त्व येण्याचे एक कारण जमिनीत आहे. घानातील बहुतांश जमीन पारंपरिक प्रमुख आणि कुळे यांच्या ताब्यात आहे, आणि १९९२ च्या संविधानाच्या २६६ व्या कलमानुसार परदेशी व्यक्तीला जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टाच मिळू शकतो. भाड्याचे घर घ्यायचे तर अक्रात वर्ष-दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागितले जाते आणि चांगल्या वस्त्यांत ते डॉलरमध्ये सांगितले जाते. त्यामुळे स्थानिक तरुणांची होणारी कोंडी हा तेथे उघड चर्चेचा विषय आहे. सेंट्रल रीजनमधील असेबू येथे पारंपरिक प्रमुखाने परतणाऱ्यांच्या वसाहतीसाठी सुमारे ५,००० एकर जमीन देऊ केली, तेव्हा ती कसणाऱ्या काही कुटुंबांनी आपल्याला विचारले नाही आणि भरपाईही मिळाली नाही, अशी तक्रार करून न्यायालयात धाव घेतली.