घरगुती सबवूफर : वॅट आधी, खोकं नंतर

सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर, म्हणजे बास, वाजवणारा स्पीकर. त्याच्या खोक्याला नळी लावून बास वाढवायची कल्पना जुनी. अमेरिकेत तिचं पेटंट १९३२ चं. छोट्या हवाबंद खोक्यातूनही खालचे सूर निघतात, हे १९५४ मध्ये तिथेच बाजारात आलेल्या एका स्पीकरने दाखवून दिलं. आपल्याकडे तेव्हापासून पुढे बराच काळ हे काम माठाने केलं. तोंडावर स्पीकर बसवला की झालं, सुताराची मजुरी वाचली. भाजलेली माती कडक आणि गोल, भिंती थरथरत नाहीत. पातळ फळ्यांच्या खोक्यापेक्षा तो आवाज खरंच बरा असायचा.

खरी लाट आली ती डीव्हीडीसोबत. १९९२ मध्ये चित्रपटगृहांत ५.१ डिजिटल ध्वनी आला. त्यातला 'पॉइंट वन', म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खालच्या सुरांचा वेगळा ट्रॅक, दशक संपता संपता घरात पोचला. मग सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठायची, ४४४० या अँप्लिफायर आयसीचा बोर्ड, १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ४५५८ या आयसीवरचा, फक्त बास पुढे सोडणारा फिल्टर घ्यायचा, उरलेल्या प्लायचं खोकं ठोकायचं.

काउंटरवर पहिला प्रश्न एकच : किती वॅट? याच शब्दाने सगळा घोळ घातला. 'पीएमपीओ' म्हणजे जाहिरातीतली 'शिखर संगीत-शक्ती'. तिचे आकडे मोजायची कुठलीही मान्य पद्धत नव्हती, त्यामुळे तोच आयसी कुठे दोनशे वॅटचा, कुठे हजाराचा. हिशेब तर शाळकरी आहे. पुरवठा १२ व्होल्टचा, स्पीकर ४ ओहमचा आणि आयसी ब्रिज जोडणीत (दोन्ही भाग मिळून एकच स्पीकर चालवतात), म्हणजे शिखर व्होल्टेज फार तर १२. त्याचा वर्ग १४४, भागिले ओहमच्या दुप्पट, म्हणजे ८. उत्तर १८ वॅट. 'आकडा क्षणभराचा असतो' हा नेहमीचा बचाव. तोही मान्य करू. बिनभाराच्या कपॅसिटरवर १६ व्होल्ट धरले, तरी ऐन क्षणाला ६४ वॅटच्या वर काही जात नाही. हजार आले कुठून? अमेरिकेत १९७४ मध्येच सलग मिळणारी शक्ती जाहीर करण्याचा नियम झाला होता. आणि पीएमपीओला नावं ठेवणारे ज्याची शपथ घेतात तो 'आरएमएस वॅट'ही काटेकोर शब्द नाही. आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, व्होल्टेजचं असतं. त्यातून निघते ती सरासरी शक्ती. निदान फसवणूक तरी नाही.

वॅटच्या नादात खोकं मागे पडलं. स्पीकर विकला जायचा इंच आणि मॅग्नेटच्या वजनावर. त्याची अनुनाद वारंवारता, म्हणजे तो स्वतःहून ज्या सुरावर थरथरतो तो सूर, कोण सांगणार? ती आणि इतर मापं घेऊन खोकं कसं काढायचं, हे ऑस्ट्रेलियात १९६१ मध्येच मांडलं गेलं होतं. आपल्या हौशी मंडळींपर्यंत ते पोचलं इंटरनेट आणि मोफत सॉफ्टवेअरमधून. आज २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे क्लास-डी, म्हणजे कमी तापणारे अँप्लिफायर बोर्ड तळहाताएवढे आहेत, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) मापात कापून मिळतो, ड्रायव्हरची, म्हणजे नुसत्या स्पीकरची, मापं फोनवर दिसतात.

नळीचा वाद मात्र चालूच आहे. मापं ठाऊक नसताना पीव्हीसी पाइपचा तुकडा अंदाजाने खोचला की एकाच सुरावर खोकं घुमतं, आणि त्या सुराच्या खाली स्पीकरच्या कोनला (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) आवर राहत नाही. माझं मत हवाबंद खोक्याच्या बाजूचं आहे. त्या काळातली खोकी उघडली तर बऱ्याचदा ते घुमणं थांबवायला नळीत जुना मोजा कोंबलेला सापडतो.