मेंदू पळवायची स्पर्धा वेगळी, मेंदू समजायची वेगळी

"सर, आमचं पोट्टं एकदा वाचलं का इसरत नाही. त्या ब्रेन बीमंदी टाकू का त्याले?"

शाळा सुरू झाली की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याचा दोष नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर अबॅकसचा फलक, त्याला लागून स्मरणशक्ती वर्गाचा, आणि दोन्हींवर मेंदूचं रंगीत चित्र. ब्रेन बी हाही त्याच माळेतला मणी वाटतो. तो नाही.

अबॅकस तुम्हाला ठाऊक आहे: बोटं, मणी, मिनिटं, ट्रॉफी. स्मरणशक्तीच्या स्पर्धाही तशाच. तिथे मेंदू हे हत्यार, आणि ते किती वेगाने चालतं ते मोजतात. ब्रेन बीमध्ये मेंदू हाच अभ्यासाचा विषय. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या नॉर्बर्ट मिस्लिन्स्की यांनी १९९८ साली ही स्पर्धा शाळकरी मुलांसाठी सुरू केली. आधी स्थानिक, मग राष्ट्रीय, मग जागतिक फेरी. 'बी' म्हणजे इथे मधमाशी नव्हे, स्पर्धा; इंग्रजी स्पेलिंगच्या 'स्पेलिंग बी' स्पर्धेतलाच हा 'बी'.

एवढं सांगितलं की पालक म्हणतात, "म्हणजे मेंदूचा धडा पाठ करायचा!" हुशार पोरं नेमकी इथेच आपटतात.

हा प्रश्न बघा. सप्टेंबर महिना, कपाशी कमरेच्या वर गेलेली. मजूर दिवसभर फवारणी करून घरी येतो. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम. दंडाचे स्नायू आपोआप फडफडताहेत. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. सांगा, कुठे काय बिघडलं?

प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावं घडाघडा म्हणून याचं उत्तर येत नाही. चेतापेशीचं टोक ग्रंथीला आणि स्नायूला निरोप देतं, तो ॲसिटाइलकोलीन नावाच्या रसायनाने. निरोप पोचला की एक विकर (एन्झाइम) ते रसायन लगेच तोडतं, म्हणजे जागा मोकळी. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक या विकरालाच जखडून टाकतं. मग निरोप संपतच नाही. ग्रंथी पाझरत राहते, स्नायू फडफडत राहतो, बाहुली आकसलेलीच राहते. लक्षणं पाच, कारण एक. पुढचा प्रश्न: दवाखान्यात ॲट्रोपिन दिल्यावर लाळ आटते, पण स्नायूंची फडफड का थांबत नाही? कारण निरोप घेणारे दरवाजे दोन जातींचे आहेत. ॲट्रोपिन ग्रंथीवरचे आणि बाहुलीचे बंद करतं, स्नायूवरचे नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. आपल्या पोरांना हा धडा शिकवायला परदेशातलं उदाहरण लागत नाही.

दुसरा प्रश्न, तोही आपल्याच मातीतला. लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय ताठरू शकतात. पोलिओत पाय लुळा पडतो. चालणं दोघांचंही जातं. पण पाय ताठ असेल तर बिघाड मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गात, आणि लुळा असेल तर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून स्नायूकडे निघणाऱ्या चेतापेशीत. जागतिक फेरीत रुग्णाचं काम करणारे नट समोर बसवतात आणि मुलांना असंच निदान करायला सांगतात. शिवाय माणसाच्या खऱ्या मेंदूवर भाग ओळखायचे असतात. लेखी परीक्षा आहेच. पाठांतर लागतं, पण ते नांगरटीपुरतं. पीक विचाराचं.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाच्या वर्गांचा मला मनापासून राग येतो. पोराच्या डोळ्याला पट्टी बांधून रंग ओळखायला लावतात आणि मध्यमेंदू जागा झाला म्हणतात. मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो. घरातले दिवे गेले की पोराच्या डोळ्यावर टॉर्च मारा. बाहुली आकसते ना? तो आदेश मध्यमेंदूतूनच निघतो. पट्टीखालच्या फटीतून दिसतं, त्याला विद्या म्हणू नका. त्या वर्गाला पैसे देऊच नका.

तयारीसाठी 'ब्रेन फॅक्ट्स' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजीत आहे, म्हणून आम्ही समासात मराठी शब्द लिहीत जातो. आणि प्लास्टिकच्या मॉडेलपेक्षा मला बाजाराच्या दिवशीचा बोकडाचा भेजा बरा वाटतो. खाटकाला आधी सांगून ठेवायचं, अख्खा काढून दे, फोडू नको. मिठाच्या पाण्यात उकळला की तो घट्ट होतो. मग मोठा मेंदू मागून अलगद वर उचलायचा, छोटा खाली दाबायचा. मधल्या खाचेत चार टेंगळं दिसतात, दोन मोठी, दोन लहान. हा मध्यमेंदूचा माथा. गेल्या वर्षी नववीतल्या एका पोरीने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, मंग हे बोकडाचं पण टॉर्चनं चालत असन का?" तिचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला.