जुनी राजदूत, जावा किंवा आरएक्स घ्यायची आहे? साताऱ्यातल्या खरेदीदारासाठी नोंदणी आणि कागदपत्रांची माहिती

वाई-कोरेगावकडच्या एखाद्या वाड्यात गोठ्याच्या कडेला, पोत्याखाली झाकलेली राजदूत मोटारसायकल अजूनही सापडते. चार-पाच किकांत निळा धूर सोडत ती सुरू झाली की घेणारा तिथंच पाघळतो. पण इंजिन कधीही खोलून बांधता येतं. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा शोधल्या की मिळतात. कागद हरवलेली गाडी मात्र रस्त्यावर आणताना दमछाक होते. म्हणून आधी आरसी बुक मागा, किक नंतर मारा.

‘विंटेज’ हा शब्द विकणारा सरसकट वापरतो. कायद्यात त्याला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकीच विंटेज ठरते. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली. म्हणजे तिच्या अगदी पहिल्या गाडीलाही हा दर्जा २०३५ नंतरच मिळेल. हीरो होंडा सीडी १०० चंही तेच. साठच्या दशकातली जावा किंवा राजदूत १७५ मात्र आजच पात्र आहे.

पात्र असली तरी विंटेज म्हणून नोंदणी करावीच असं नाही. नवी नोंदणी करायची तर नमुना २० मध्ये अर्ज, विम्याचा कागद आणि २०,००० रुपये शुल्क लागतं. ती १० वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. कधीच नोंद नसलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि जुन्या नंबराची माया असणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. पण विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तुमच्या मनात रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं असेल, तर या वाटेला जाऊ नका. नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या.

खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर दर वेळी ५ वर्षांनी वाढवावी लागते. अर्ज नमुना २५ मध्ये, आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांवरच्या मोटारसायकलीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला असेल तर महिन्याला ३०० रुपयांचा दर लागतो. गाडी किती वर्षं नुसती उभी होती हे म्हणूनच खोदून विचारा. ‘थोडंसं भरावं लागेल’ यावर विसंबू नका, आरटीओतून नेमका आकडा काढा आणि तो किमतीतून वजा करून मगच भाव बोला.

१९८९ च्या आधीचा, एमएच ११ नसलेला तीन अक्षरी नंबर असेल तर परिवहनच्या पोर्टलवर गाडी बहुधा दिसणारच नाही. जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात. हे काम विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्या.

नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन एवढं जमवा. गाडीवर कधी बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ ही हवा. कर्नाटकातून, बेळगाव-चिक्कोडीकडून आणत असाल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे नमुना २८, आणि आपल्याकडचा कर आलाच. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवून घ्या.

आपल्या भागात जास्त अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली, आणि सही करायला नातू तयार. अशी सही चालत नाही. आधी नमुना ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी एका वारसाच्या नावावर यायला हवी, मग तुमच्या. आत्याची संमती राहिली म्हणून एका राजदूतसाठी मी चार महिने थांबलो होतो, आणि थांबलो ते बरं झालं.

चेसिस नंबर स्वतः बघा. हँडलखालच्या नळीवरचं ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. एका येझदीवर माझ्या कागदावर शेवटचा आठ बाकीच्या आकड्यांपेक्षा खोल उमटला होता, आणि त्याच्या भोवती कानशीचे बारीक ओरखडे. मी ती गाडी सोडली. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. आरएक्स १०० मध्ये कधी कधी आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं असतं, आणि बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर तपासणीत गाडी अडकते.

हे सगळं जुळलं तर टोकन द्या, त्याची लेखी पावती घ्या. उरलेली रक्कम आरसीवर तुमचं नाव चढल्यावर.