तंजावरची सूची: आधी पोथ्या, मागाहून मोडी कागद

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संगीताची जुनी हस्तलिखिते शोधू जाणाऱ्याला आधी भाषा ठरवावी लागते. भोसले राजांच्या दरबारातले गाणे मात्र कधी एका भाषेत मावले नाही. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) तेलुगू आणि मराठीत नाट्यप्रबंध रचले, तर तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा लक्षणग्रंथ, म्हणजे संगीताचे नियम सांगणारा शास्त्रग्रंथ, संस्कृतात लिहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) काशीयात्रेतून पोथ्या आणवल्या, युरोपीय ग्रंथ विकत घेतले आणि पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही बाळगला.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारल्यावर कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातील मालमत्ताही जप्त केली. त्याविरुद्ध राणी कामाक्षीबाईंनी लावलेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. पण ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निकाल १८५९ मध्ये लागला. पुढे सरकारने मालमत्ता राजघराण्याला परत दिली आणि १९१८ मध्ये ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला.

सूचीचे काम त्याआधीच सुरू झाले होते. तंजावरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापली गेली, पण ती केवळ संस्कृत पोथ्यांची. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनी काढलेली एकोणीस खंडांची वर्णनात्मक सूचीही संस्कृताचीच. मराठी, तेलुगू, तमिळ पोथ्यांच्या याद्या वेगळ्या झाल्या. संस्कृतज्ञ अभ्यासकांना ही विभागणी सोयीची होती, पण तिच्यामुळे एकाच दरबाराचे संगीत निरनिराळ्या खंडांत विखुरले.

दरबाराच्या मोडी लिपीतल्या दफ्तराकडे, म्हणजे पत्रांकडे आणि हिशेबांकडे, लक्ष गेले ते सर्वांत शेवटी, आणि याला केवळ अनास्था कारण नव्हती. पोथीला नाव असते, आरंभ आणि शेवट असतो, नशिबात असेल तर पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या अखेरच्या नोंदीत, लेखकाचे नाव आणि शकही सापडतो. त्यामुळे सूचीकाराला चार ओळींत नोंद करता येते. पत्राला किंवा हिशेबाच्या कागदाला शीर्षक नसते, तो पुरता वाचल्याशिवाय त्यात काय आहे हे कळत नाही, आणि तमिळ मुलखात मोडी वाचणारे मुळात थोडे. गायक-वादकांना आणि नर्तकींना काय दिले गेले याच्या नोंदी मात्र याच कागदांत आहेत. अखेर १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागद प्रसिद्ध केले, तेही तमिळ भाषांतरात.