मोहफूल: कोठीतलं अन्न, कायद्यातली दारू

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं साठवण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. जंगलात आपोआप गळून पडणारं फूल पोत्यात भरून नेणं हा तोवर गुन्हा का ठरू शकत होता, हे समजायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. त्याआधी झाड समजून घ्यायला हवं.

नागपूरहून रामटेक ओलांडून देवलापारकडे निघालं की मोहाची झाडं दिसू लागतात. पुढं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंत ती आहेत. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पानगळीनंतर फुलं धरतात आणि रात्री उशिरा, पहाटे टपटप गळतात. गळतो तो पाकळ्यांचा मांसल, पिवळसर पांढरा गोळा. फळ ज्यातून होणार तो भाग फांदीवरच राहतो. म्हणून फुलं वेचल्यानं फळ कमी होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पिकणाऱ्या त्याच फळातल्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल निघतं. एकच झाड उन्हाळ्यात गोड देतं आणि नंतर स्निग्ध. शेतीचं काम नसलेल्या, कोठी रिकामी होत आलेल्या महिन्यांत फुलं मिळतात, हे त्याचं सगळ्यात मोठं मोल.

वेचणी ऊन चढायच्या आत संपवावी लागते. उशीर झाला की फुलं मऊ पडतात, माती धरतात, गुरं आणि हरणं खाऊन जातात, अस्वलाशी गाठ पडायची भीतीही असतेच. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची पद्धत आहे आणि विदर्भातल्या जंगलांत उन्हाळी वणवे लागण्याचं ते एक खरं कारण आहे. पाचोळा झाडून बाजूला करणं किंवा झाडाखाली जाळी, जुनी लुगडी अंथरणं हा उपाय सोपा आहे. त्यानं फुलंही स्वच्छ राहतात.

ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. चारपाच किलो फुलं वाळवली की जेमतेम किलोभर उरतात. कडक उन्हात तीनचार दिवस, पातळ थरात आणि अधूनमधून हलवत वाळवली तर मनुकांसारखी तांबूस तपकिरी होतात. थर जाड राहिला तर आतून आंबतात, आणि अर्धवट वाळलेली फुलं पावसाळ्यात गोळा होऊन बुरशी धरतात. गरजू कुटुंबांना थांबणं परवडत नाही. ती अशीच ओलसर फुलं लगेच विकतात आणि व्यापारी ओलीचं वजन कापून भाव देतो. मोहाच्या बाजारातलं बहुतेक नुकसान या चार दिवसांत होतं.

वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, प्रथिनं मात्र थोडी. म्हणून मोह सहसा एकटा खाल्ला जात नाही. तो चण्याबरोबर शिजवतात, पिठात मळून भाकरी करतात, किंवा तीळ नाहीतर जवस घालून लाडू वळतात. लाडवाचं प्रमाण साधं: दोन वाट्या फुलं, एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी जवस. गूळ लागत नाही. फुलातले केसर आधी काढून टाकायचे, नाहीतर कडवटपणा उतरतो. फुलं धुऊन पुरती कोरडी करायची आणि मंद आचेवर भाजायची. आच वाढली की साखर करपते आणि अख्खा घाणा वाया जातो. गरम असतानाच कुटायचं, कारण थंड झाल्यावर फूल चिवट होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत, म्हणजे नागपूर ज्यात होतं तो इंग्रजी अमलातला प्रांत, होरपळला, तेव्हा रानातल्या अशा अन्नावर माणसं तगली.

याच साखरेमुळे मोहाची दारूही होते. भिजवलेली फुलं मडक्यात आंबवली की सडवा तयार होतो. उन्हाळ्यात तो चारपाच दिवसांत होतो, थंडीत जास्त लागतात. दिवस उलटले तर आंबट होऊन शिरक्याकडे झुकतो. द्राक्षाची वाइन आंबवण्यावरच थांबते. मोहाच्या बाबतीत सडवा तापवून वाफ थंड करतात आणि उतरेल ते धरतात. जाळ मोठा झाला तर सडवा उसळून नळीत येतो, करपट वास लागतो. गोंडांकडे जन्म, लग्न, मृत्यू, देवकार्य यांत ही दारू लागते, आणि पिण्याआधी थोडी जमिनीवर पूर्वजांच्या नावानं सांडायची असते. हातभट्टीवर नवसागर, गूळ आणि गंजके डबे वापरून गाळली जाणारी विक्रीची दारू वेगळी. दोन्हींना एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे.

इंग्रज सरकारनं नेमकं तेच केलं. दारूवरचा कर हे उत्पन्नाचं मोठं साधन होतं, आणि घरोघरी दारू होऊ शकते असं फूल म्हणजे त्या उत्पन्नाला गळती. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत थेट मोहफुलावरच नियंत्रण आणलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. इथं १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा आला, १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९५९ मध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इकडंही लागू झाला. त्या कायद्यात मोहफुलाचा वेगळा उल्लेख आहे. स्वातंत्र्य आलं, महसुलाच्या जागी दारूबंदीचा हेतू आला, पण फुलाकडं संशयानं बघणं सुटलं नाही.

तुलना करायची तर २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाशी करावी. नाशिककडच्या वाइनला त्यात उत्पादनशुल्काची सूट मिळाली, कारण तिच्याकडं शेतमालावरची प्रक्रिया म्हणून पाहिलं गेलं. मोहफूलही पीकच, फक्त त्याचा सातबारा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती गावोगावच्या बायांनी लढून मिळवली, कारण दारूचा मार त्यांनीच खाल्ला होता. त्यांचं म्हणणं खोडून काढायचं कारण नाही. पण दारू अडवायची तर भट्टी आणि विक्री अडवावी. लाडवाच्या फुलांचं पोतं अडवून दारू थांबत नाही, वेचणारीला मात्र मिळेल त्या भावानं माल टाकावा लागतो.

२०२१ नंतर फुलाची वाट मोकळी झाली, गाळण्याची नाही: परवान्याशिवाय दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. खाण्यासाठी फुलं घ्यायची असतील तर एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, पाऊस लागण्याआधी घ्यावीत. मुठीत दाबून सोडल्यावर फुलं सुटी व्हायला हवीत. गोळा तसाच राहिला किंवा आंबूस वास आला, तर माल ओला आहे. घरी आणल्यावर पुन्हा एक ऊन द्यावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.