शॅमेलिऑनच्या पाळीव मादीचे आरोग्यनिरीक्षण

शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या पाळीव मादीचे वजन, डोळे, विष्ठा, पायांची पकड, त्वचेचा रंग आणि अंडधारणेची लक्षणे नियमितपणे नोंदवून आजार वेळीच ओळखण्याच्या पद्धतीला आरोग्यनिरीक्षण म्हणतात. हा प्राणी अशक्तपणा शेवटपर्यंत दडवतो, त्यामुळे एका दिवसाच्या पाहणीपेक्षा अनेक आठवड्यांच्या नोंदींना अधिक महत्त्व आहे. येथील विवेचन मुख्यत्वे येमेन व सौदी अरेबियातील शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन (कॅमेलिओ कॅलिप्ट्रॅटस) आणि मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन (फर्सिफर पार्डेलिस) या जगभर पाळल्या जाणाऱ्या दोन जातींना लागू पडते. भारतीय शॅमेलिऑन (कॅमेलिओ झेलॅनिकस), म्हणजेच सरडगुहिरा, ही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून ती पाळता येत नाही. बागेत किंवा कुळागरात सरडगुहिरा आढळल्यास त्याला न पकडता राहू द्यावे आणि जखमी असल्यास वन खात्याला कळवावे. परदेशी जातींबाबत २०२२ च्या दुरुस्तीने व त्यानंतरच्या २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली असून जन्म, मृत्यू व हस्तांतर यांची माहितीही द्यावी लागते.

रंगावरून प्रकृती ओळखण्याची पद्धत जुनी असली, तरी तिच्या शास्त्रीय आधाराविषयी मतभेद आहेत. त्वचेतील रंजकपेशींमध्ये रंजकद्रव्याचे कण पसरतात किंवा आकसतात आणि त्यामुळे रंग पालटतो, असे स्पष्टीकरण पूर्वी सर्वमान्य होते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील परावर्तक पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात आणि त्यांच्यातील अंतर बदलले की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो, असे दाखवून दिले. त्यानंतर जुने मत कालबाह्य झाल्याचे अनेक लोकप्रिय लेखांतून लिहिले गेले. तथापि हा निष्कर्ष मादीला जसाच्या तसा लावणे योग्य वाटत नाही. स्फटिकांचा हा वरचा थर प्रौढ नरांतच पूर्ण विकसित असल्याचे त्याच संशोधनात नमूद आहे, आणि त्वचा काळवंडण्याच्या क्रियेत मेलॅनिन हे गडद रंजकद्रव्य असलेल्या पेशींचा वाटा आजही मान्य आहे. मादीच्या बाबतीत दोन्ही यंत्रणा विचारात घेणारे मत अधिक ग्राह्य दिसते. व्यवहारात याचा अर्थ असा, की गडद रंग हा थंडी, भीती, वेदना किंवा अंडधारणा यांपैकी कशाचाही द्योतक असू शकतो आणि एकट्या रंगावरून निदान करता येत नाही. शिरस्त्राणधारी मादी अंडी धारण केल्यावर गडद हिरवी होऊन तिच्या अंगावर पिवळे व निळे ठिपके उठतात, तर पँथर मादी काळपट होऊन तिच्यावर नारिंगी छटा येते; हे दोन बदल मात्र बरेच विश्वासार्ह आहेत.

निरीक्षणाचा गाभा अंडधारणेत आहे. शिरस्त्राणधारी मादी नराशी संबंध आला नसतानाही अफलित अंडी घालते, म्हणून एकटी मादी सुरक्षित असते ही समजूत घातक ठरते. शिवाय मादी शुक्रजंतू शरीरात साठवू शकत असल्याने एका मीलनानंतर पुढील खेपेलाही फलित अंडी येऊ शकतात. एका खेपेस अनेक डझन अंडी संभवतात आणि भरपूर खाऊ घातलेल्या, जास्त उष्णतेत ठेवलेल्या मादीत ही संख्या वाढते, असे अनुभवी पाळणारे सांगतात. प्रौढ मादीचा आहार मर्यादित ठेवण्याची शिफारस यातूनच आली आहे. अंडी घालण्याची वेळ जवळ आली की मादी खाणे कमी करते, फांद्या सोडून तळाशी फिरते आणि माती उकरते. तिच्यासाठी सुमारे ३० सेंमी. खोल, ओलसर व बोगदा न ढासळणाऱ्या वाळूचे भांडे आधीपासून ठेवावे लागते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू खारट असल्याने टाळावी व धुतलेली नदीची वाळू वापरावी. खणत असताना मादीला माणूस दिसल्यास ती काम सोडून देते, म्हणून पिंजऱ्यावर आडोसा असावा.

अंडी अडणे हा मादीच्या मृत्यूचा प्रमुख धोका असून त्याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात अंडाशयातील पुटके (ज्यांत अंडी तयार होतात त्या पिशव्या) वाढतात, पण ती अंडवाहिनीत उतरत नाहीत. दुसऱ्यात कवच धरलेली अंडी वाहिनीत अडतात. ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) पुटके व क्ष-किरणचित्राने कवचयुक्त अंडी ओळखता येतात. जुन्या उपचारांत कॅल्शियम व ऑक्सिटोसिन या औषधांवर भर असे, परंतु ऑक्सिटोसिनचा परिणाम कासवांत जितका चांगला दिसतो तितका सरड्यांत दिसत नाही आणि पहिल्या प्रकारात तर त्याचा उपयोगच नाही. म्हणून लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे आता कल आहे. वारंवार उकरूनही अंडी न घालणारी, तळाशी पडून राहणारी किंवा दिवसा डोळे मिटणारी मादी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावी.

नेहमीच्या निरीक्षणात आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये वजन करणे पुरेसे असते. अंडधारणेत वजन वाढते, म्हणून ही वाढ नेहमीच आरोग्याची खूण नसते. विष्ठेतील युरेटचा, म्हणजे विष्ठेबरोबर पडणाऱ्या घट्ट मूत्राचा, भाग पांढरा असावा. तो पिवळा किंवा नारिंगी असल्यास व डोळे खोल गेल्यास पाणी कमी पडत आहे असे समजावे. हाडे मऊ होऊन पाय वाकणे, पकड सुटणे व जबडा लवचीक होणे ही कॅल्शियम व अतिनील-ब किरणांच्या अभावाची लक्षणे आहेत. अंड्यांच्या कवचासाठी शरीरातील कॅल्शियम खर्च होत असल्याने मादीत ती लवकर दिसतात.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता सतत जास्त असते आणि ऊन क्वचितच पडते, त्यामुळे काचेच्या बंद पेटीत बुरशी व श्वसनसंसर्ग यांचा धोका वाढतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे व तोंडात चिकट स्राव दिसणे ही संसर्गाची लक्षणे होत, मात्र तापत्या दिव्याखाली क्षणभर तोंड उघडणे स्वाभाविक असते. जाळीचा, चहूबाजूंनी हवा खेळणारा पिंजरा या हवामानात अधिक योग्य ठरतो आणि पाने दिवसातून काही काळ सुकू देणे आवश्यक असते. साठलेले पाणी हा प्राणी सहसा पीत नाही, म्हणून पावसातही पानांवर थेंब पडण्याची सोय हवीच. वीज गेल्यावर दिवे बंद राहतात व पचन मंदावते. अशा दिवशी खाणे न देणे बरे. उन्हाळ्यात ओसरीवर सकाळचे कोवळे ऊन उत्तम, परंतु खिडकीच्या काचेतून अतिनील-ब किरण आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडच्या उन्हाचा हाडांना उपयोग नसतो. ओसरीवर सावलीचा कोपरा ठेवावा आणि लाल मुंग्यांपासून पिंजऱ्याचे रक्षण करावे. सरीसृपांचे आजार हाताळणारा पशुवैद्य सर्वत्र जवळ असेलच असे नाही, म्हणून तो आधीच शोधून ठेवावा आणि तपासणीस जाताना वजनाच्या नोंदी, ताजी विष्ठा व शेवटच्या अंडी घालण्याची तारीख सोबत न्यावी.