मेकॅनिकल की मॅग्नेटिक? गेमिंगच्या छोट्या कीबोर्डांतला फरक, कोकणच्या हवेसकट

ऑनलाइन दुकानांत ‘गेमिंग मेकॅनिकल कीबोर्ड’ असे शोधले, तर समोर येणाऱ्या यादीत दोन निराळ्या जातींची यंत्रे एकाच नावाखाली मांडलेली असतात. दोन्हींची चौकट सारखी, दोन्हींच्या खाली रंगीत दिवे, दोन्हींच्या स्विचचा अधिकचिन्हासारखा दांडा सारखा आणि त्यामुळे एकीच्या कीकॅप दुसरीवर सहज बसतात. किमतीत मात्र बरेचदा दुपटीचा फरक दिसतो, आणि तो फरक कशाचा हे विक्रेत्याने दिलेल्या वर्णनावरून कळत नाही. चिपळूण, मालवण किंवा वेंगुर्ल्यात राहणाऱ्या मुलाला हे कीबोर्ड दुकानात जाऊन दाबून पाहण्याची सोय सहसा नसते. तिथल्या संगणकाच्या दुकानात साधे रबरी घुमटीचे कीबोर्ड मिळतात, बाकी सगळे कुरिअरने येते. हात न लावता पैसे मोजायचे असतील, तर आतली रचना आधी समजून घेणे भाग आहे.

मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पात्या असतात. दांडा वर असताना त्याचा उंचवटा एका पातीला दूर ढकलून ठेवतो. दांडा खाली गेला की तो उंचवटा सरकतो, पाती दुसरीला टेकते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. चेरी कंपनीचा एमएक्स रेड हा या जातीचा सर्वांत परिचित नमुना आहे. त्याची एकूण चाल ४ मिलिमीटर, अक्षर नोंदले जाण्याचा बिंदू २ मिलिमीटरवर आणि त्यासाठी लागणारा जोर सुमारे ४५ ग्रॅम. हा २ मिलिमीटरचा बिंदू पातीच्या घडणीतच ठरलेला असल्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरने तो हलवता येत नाही. शिवाय धातू धातूला टेकताना क्षणभर थरथरतो आणि एकाच दाबात मंडल अनेकदा जुळते व तुटते. ती थरथर गाळण्यासाठी कीबोर्डचा नियंत्रक काही मिलिसेकंद थांबतो.

मॅग्नेटिक स्विचमध्ये पात्या नसतातच. दांड्याच्या पोटात एक छोटे चुंबक असते आणि त्याच्या बरोबर खाली, सर्किट बोर्डवर, हॉल इफेक्टचा संवेदक बसवलेला असतो. एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिले, की विद्युतप्रवाह वाहत असलेल्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो आणि तो क्षेत्राच्या तीव्रतेनुसार कमी-जास्त होतो. की जसजशी दाबली जाते तसतसे चुंबक संवेदकाजवळ येते, विद्युतदाब बदलतो, आणि कीबोर्डमधली चिप त्या विद्युतदाबाचे आकड्यात रूपांतर करून की किती खाली गेली आहे हे ठरवते. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने हॉल इफेक्टचे कीबोर्ड १९६०च्या दशकाच्या अखेरीसच बनवले होते. गेमिंगच्या बाजारात ती पुन्हा चलनात आणली ती नेदरलँड्समधल्या वूटिंगसारख्या कंपन्यांनी. खरा फरक एवढाच, की मेकॅनिकल स्विच दिव्याच्या बटणासारखा आहे, चालू किंवा बंद. मॅग्नेटिक स्विच पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे, मधली प्रत्येक जागा त्याला कळते. पुढचे सगळे गुण आणि सगळ्या कटकटी यातूनच निघतात.

बहुतेक जाहिराती ‘वेगवान’ या एका शब्दावर थांबतात आणि वाचणारा समजतो, की हा कीबोर्ड दाबलेली की लवकर ओळखतो. तो ओळखतोही, पण खेळणाऱ्याला खरा लाभ की सोडताना होतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत चालता चालता झाडलेली गोळी नेम सोडते. नेमकी गोळी झाडायची तर पात्राला आधी थांबावे लागते. समजा, खेळाडू डावीकडे सरकताना ‘ए’ की तळापर्यंत, म्हणजे ४ मिलिमीटर दाबून धरून आहे. एमएक्स रेडवर ती की सुटली असे संगणकाला कळण्यासाठी बोट तळापासून सुमारे २ मिलिमीटर वर यावे लागते. बोट सेकंदाला १०० मिलिमीटर या गतीने उचलले जात आहे असे धरले, तर त्या प्रवासाला २० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ पात्र सरकतच राहते. मॅग्नेटिक कीबोर्डवर रॅपिड ट्रिगर, म्हणजे बोट जरा वर आले की लगेच की सुटली असे धरण्याची सोय, चालू करून ०.२ मिलिमीटरची मर्यादा ठेवली, तर तेच बोट त्याच गतीने उचलल्यावर २ मिलिसेकंदांत की सुटल्याची नोंद होते, मग ते बोट चालीच्या कोणत्याही उंचीवर असो. वाचलेले १८ मिलिसेकंद कोणत्याही महागड्या केबलने किंवा चिपने वाचलेले नाहीत. बोटाला कापावे लागणारे अंतरच कमी झाले आहे. मेकॅनिकल स्विचला हे जमत नाही, कारण बोट तळाशी आहे की मधे, हे त्याला ठाऊकच नसते.

येथे आणखी एक गफलत होते. नोंदीचा बिंदू बदलता येणे आणि रॅपिड ट्रिगर या दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिलीत आपण बिंदू २ मिलिमीटरवरून, समजा, १ मिलिमीटरवर आणतो. पण तो तिथे पुन्हा स्थिर होतो, आणि की सुटायला बोट त्या बिंदूच्या वर यावे लागते, म्हणजे तळापासून पाहिले तर सोडणे उलट लांबते. दुसरीत स्थिर बिंदूच राहत नाही. बोटाची दिशा बदलली की नोंद बदलते. काही स्वस्त कीबोर्डांवर पहिली सोय असते आणि दुसरी नावापुरतीच, म्हणजे चालीच्या ठरावीक टप्प्यातच चालते. वर्णनात ‘०.१ मिलिमीटर’ हा आकडा ठळक छापलेला असला, तरी तो कोणत्या सोयीचा आहे हे वाचून घ्यावे. माझ्या मते सर्व कळांवर ०.१ मिलिमीटर ठेवणे हा हौसेचा प्रकार आहे. बोट नुसते टेकले तरी की दाबली जाते, आणि त्याच सेटिंगवर कोणी पत्र टंकायला घेतले तर प्रत्येक ओळीत आगंतुक अक्षरे येतात. चालण्याच्या चार कळांना संवेदनशील ठेवून बाकीच्या कळांना दीड-दोन मिलिमीटरवर राहू देणे हे शहाणपणाचे.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. १००० हर्ट्झचा पोलिंग रेट म्हणजे कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला संगणकाला खबर देतो. ८००० हर्ट्झला तीच खबर दर ०.१२५ मिलिसेकंदाला जाते. सरासरीने पाहता यात अर्ध्या मिलिसेकंदाचीही बचत नाही. याउलट ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्र यायला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे ६.९. नेटवर्कचे गणित तर याहून निराळे आहे. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे आणि रत्नागिरी तिथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन निव्वळ प्रवास साडेतीन मिलिसेकंदांचा ठरतो. प्रत्यक्षात दिसणारा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत खबर जाऊन-येऊन लागणारा वेळ, त्याच्या कितीतरी पट असतो, आणि पावसाळ्यात लाइन हेलकावे खाऊ लागली की पोलिंग रेटबद्दल बोलण्यात अर्थ उरत नाही. म्हणून ज्याचा पडदा अजून ६० हर्ट्झचा आहे त्याने आधी पडदा बदलावा, असे मी स्पष्ट सांगेन. आणि जो फक्त फोनवर बीजीएमआय खेळतो, त्याला या दोन्हींतला कोणताही कीबोर्ड नको.

मॅग्नेटिक कीबोर्डांबरोबर स्नॅप टॅप नावाची सोयही येते. रेझर कंपनीने २०२४ मध्ये ती या नावाने आणली आणि इतरांनी वेगवेगळ्या नावांनी उचलली. ‘ए’ आणि ‘डी’ दोन्ही दाबलेल्या असताना शेवटी दाबलेलीच मोजायची, म्हणजे दिशा बदलताना पहिली की सोडण्याची अचूकता यंत्रच पुरवते. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ही मदत नाकारली आहे आणि ती वापरताना आढळलेला खेळाडू सामन्यातून बाहेर काढला जातो. रॅपिड ट्रिगरवर अशी बंदी नाही. जाहिरातीत दोन्ही शेजारी छापलेले असतात, तेव्हा एक चालते म्हणून दुसरे चालेल असे धरून चालू नये.

आता समुद्राचा मुद्दा. खाडीपासून हाकेच्या अंतरावर ज्याचे घर आहे त्याला गेटची बिजागरी, सायकलची साखळी आणि खिडकीचे गज किती लवकर गंजतात हे सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी असते, की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. त्यात मिठाचे बारीक कण मिसळले की विद्युतजोडांना ते चांगलेच बाधते. मेकॅनिकल स्विचच्या पात्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. चांगल्या स्विचमध्ये जोडाच्या टोकावर सोन्याचा थर असतो आणि सोने काळवंडत नाही, पण नावगाव नसलेल्या स्वस्त स्विचमध्ये तो थर कितपत आहे हे बाहेरून दिसत नाही. जोड खराब होऊ लागला की पहिले लक्षण टंकताना दिसते: ‘क’ एकदा दाबला की ‘कक’ उमटतो, किंवा की दोनदा दाबल्यावाचून उमटतच नाही. असा स्विच उघडून पाहिला तर पातीच्या वाकावर हिरवट-काळसर डाग दिसतात. खेळात याचा अर्थ असा, की दाबून धरलेली की मधेच सुटते आणि पात्र ऐन मोक्याला जागच्या जागी उभे राहते.

मॅग्नेटिक स्विचमध्ये टेकणारे धातूच नाहीत, त्यामुळे हा विशिष्ट आजार त्याला होत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी ही बाजू रॅपिड ट्रिगरपेक्षाही मोलाची आहे, असे मला वाटते, आणि जाहिरातीत तिला क्वचितच जागा मिळते. मात्र ‘खाऱ्या हवेचा काहीच परिणाम नाही’ असे कोणी म्हणाले तर ते खरे नव्हे. संवेदकांचे पाय, चिपची डाखणी आणि यूएसबीचा सॉकेट हे सगळे धातूचेच आहेत आणि सर्किट बोर्डवर ओल साचली तर तेही बिघडतात. निओडिमियमचे चुंबक स्वतः फार लवकर गंजणारे असते. म्हणूनच त्यावर सहसा निकेलचा मुलामा देतात. शिवाय उन्हाचाही प्रश्न आहे. या चुंबकाची ताकद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१२ टक्क्याने उतरते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या पडवीत तापमान ३६ अंशांवर असेल आणि कीबोर्डचे कॅलिब्रेशन, म्हणजे कळीची वरची आणि खालची टोके त्याला ओळखून देणे, रात्री २६ अंशांना केलेले असेल, तर क्षेत्रात सव्वा टक्क्याच्या आसपास फरक पडतो. ऐकायला हा फरक नगण्य वाटतो, पण चुंबकाचे क्षेत्र अंतरानुसार सरळ रेषेत बदलत नाही: चुंबक दूर असताना, म्हणजे की वर असताना, थोड्या अंतराने क्षेत्र अगदी थोडे बदलते. साहजिकच वरच्या टोकाला अर्धा मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर यांतला भेद ओळखणे संवेदकाला अवघड जाते, आणि ०.१ मिलिमीटरची सेटिंग नेमकी तिथेच डगमगते. चांगल्या कीबोर्डात तापमानाची भरपाई सॉफ्टवेअर करते. साध्या कीबोर्डात ऋतू बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते. कोणतीही जात घेतली तरी वापर नसताना झाकण घालणे आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणे एवढे कष्ट चुकत नाहीत.

छोट्या आकाराचा विचार दोन्ही जातींना सारखाच लागू आहे. पूर्ण कीबोर्डला १०४ कळा असतात, नंबर पॅड काढला की ८७ आणि साठ टक्क्यांच्या कीबोर्डला ६१. माउस हलवायला जागा मिळते हा त्याचा फायदा. बाणांच्या कळा आणि एफ-ओळ एफएन दाबून वापरावी लागते हा तोटा. मराठी टंकणाऱ्याने एक गोष्ट तपासावी. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत ॅ आकड्यांच्या ओळीवर, तर ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर असतो, आणि या दोन्ही कळा ६१ कळांच्या पाटीवर जागच्या जागी असतात. त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ लिहिताना अडत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यातली की मात्र तिथे एस्केपला दिलेली असते.

खरेदी करताना शेवटची अडचण स्विच बदलण्याची. मेकॅनिकल स्विच तीन किंवा पाच पायांचे असतात आणि हॉट-स्वॅप, म्हणजे डाख न काढता स्विच बदलता येणाऱ्या, बोर्डात एकाच्या जागी दुसऱ्या कंपनीचा सहज बसतो. मॅग्नेटिक स्विचला विजेचे पायच नसल्यामुळे तो मेकॅनिकल बोर्डात बसूनही निरुपयोगी ठरतो. मॅग्नेटिक बोर्डांतही चुंबकाचा कोणता ध्रुव खाली आहे आणि क्षेत्र किती आहे हे कंपनीगणिक बदलते, तेव्हा बोर्डबरोबर दिलेल्या यादीतलेच स्विच घ्यावेत. खोके आले की परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक की हळूहळू दाबून पडद्यावरची पट्टी पाहावी: ती सलग सरकायला हवी, मधे उडी मारता कामा नये, आणि बोट काढल्यावर शून्यावर येऊन स्थिर राहायला हवी. एखाद्या कळीची पट्टी कॅलिब्रेशन करूनही शून्यावर थरथरत राहिली, तर कीबोर्ड त्याच आठवड्यात परत पाठवावा, कारण दुरुस्तीसाठी नंतर तो मुंबईला किंवा पुण्याला पाठवण्याचा खर्च आणि कालावधी दोन्ही ग्राहकाच्याच अंगावर येण्याचा संभव अधिक असतो.